शाल, श्रीफळ आणि राहून गेलेला शोध

आमच्या तालुक्यात कुणाचा सत्कार ठरला की मानपत्राचं काम माझ्याकडे येतं. अक्षर बरं आहे, जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आणि निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा ठाम समज. मजकुराचे साचे तयारच असतात. कीर्तनकार असला तर अमृतवाणी, सरपंच असला तर विकासपुरुष, मास्तर असला तर पिढ्या घडवणारा. डॉक्टर असला की सगळ्यात सोपं. 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा', 'चंदनासारखे झिजले', 'शहरातली कमाई सोडून खेड्याची वाट धरली' एवढं लिहिलं की अर्धं पान भरतं. उरलेल्या अर्ध्यावर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचीच नावं.

मागे आमच्या भागातल्या एका सरकारी डॉक्टरांचं मानपत्र लिहायचं होतं. मी नेहमीचा मसाला घालून मसुदा केला आणि मंडळाची पोरं तो त्यांना दाखवायला घेऊन गेली. परत आला तो पेन्सिलीच्या खुणांसकट. 'हजारो रुग्णांना जीवदान' या ओळीतल्या 'हजारो'खाली रेघ, आणि समासात लिहिलेलं, 'किती? नोंद नाही.' 'देवदूत'वर नुसतीच फुली. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. 'फवारणीच्या विषबाधेच्या नोंदी ठेवतो आहे. ते लिहिता आलं तर बघा.'

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सर, वहीगिही लोकायले काय समजन? देवदूतच राहू द्या."

देवदूतच राहिलं. पण ती वही काय आहे हे बघायला मी गेलो. शाळकरी, लांब, दोनशे पानी वही. कपाशीवर फवारणी सुरू झाली की दवाखान्यात असे रोगी यायला लागतात. कुणाच्या तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हे एका जातीचं विष. त्यावर अ‍ॅट्रोपिन चालतं. पण दुसऱ्या एखाद्याच्या बाहुल्या नेहमीसारख्याच असतात, लाळ नाही, घाम नाही, तरी माणूस ढासळत जातो, आणि तिथे अ‍ॅट्रोपिनचा काही उपयोग नसतो. सोबत आलेल्याला विचारलं तर तो सांगतो, "फवारा मारत होता जी." कशाचा फवारा? तर कृषी केंद्रवाल्यानं दिलेलं एक, शेजाऱ्याकडून आणलेलं एक आणि घरी उरलेलं एक, तिन्ही एकाच पंपात. डॉक्टर म्हणतात, डबे घेऊन या. वहीत रकाने आहेत: डब्यावरचं नाव, काय काय मिसळलं, पंप हातानं मारायचा की बॅटरीचा, वारा होता का, अंगात काय होतं, दवाखान्यात यायला किती वेळ लागला, पुढे काय झालं. 'डबा' या रकान्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी एकच शब्द आहे: फेकला.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं ती बातमी वाचली. नेमकं कोणत्या मिश्रणानं, कुणाला आणि किती वेळात, हे सांगायला मात्र अशी वही लागते, आणि ती बातमीच्या आधीपासून कुणीतरी लिहीत असावी लागते.

तेव्हापासून मी जुनी मानपत्रं काढून बघतो आहे. माझी आणि दुसऱ्यांचीही. आम्ही डॉक्टरांच्या त्यागाचा सत्कार करतो. काय सोडलं, किती सोसलं, केवढ्याशा खोलीत राहिले. त्यांना काय सापडलं ही ओळ कुठेच नाही.

गडचिरोलीच्या बंग दाम्पत्याबद्दल इकडे कुणालाही विचारा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत शिकून परत आले, १९८६ पासून गडचिरोलीत काम करतात, २००३ साली महाराष्ट्र भूषण मिळालं, २०१८ साली पद्मश्री, हे पाठ असतं. मग विचारा, त्यांनी शोध काय लावला? "लहान पोरायसाठी कायतरी केलं ना." शिकलेल्या माणसाचंही उत्तर याच्या फार पुढे जात नाही. म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जाणत्या डॉक्टरांचं मत असं होतं की नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर जागा एकच, इस्पितळ. शास्त्र म्हणून ते बरोबर होतं. पण गडचिरोलीतल्या खेड्यातलं दोन दिवसांचं बाळ इस्पितळात जात नव्हतं. बाळंतीण खोलीबाहेर पडायची नाही, रस्ता नाही, गाडी नाही, पैसा नाही. बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग गार पडायचं, आणि संपायचं. बंगांनी प्रश्न उलटा विचारला. बाळ दवाखान्यात येत नसेल तर उपचार बाळापर्यंत जाईल का, आणि तो नेणारी गावातलीच, थोडंफार शिकलेली बाई असेल तर? ३९ गावांत अशा बायका निवडल्या, त्यांना आरोग्यदूत म्हटलं. वजन करायचं, ताप मोजायचा, बाळ उबेत ठेवायचं, दूध कसं पाजायचं ते आईला दाखवायचं, जन्मतः न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करायचा. आणि संसर्गाची ठरवून दिलेली लक्षणं दिसली तर घरच्यांच्या संमतीनं जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शनही द्यायचं. थोडं शिकलेली बाई, हातात सुई आणि समोर दीड-दोन किलोचं बाळ, हे चित्र भल्याभल्यांच्या भुवया उंचावणारं होतं.

शेजारच्या ४७ गावांत यातलं काही केलं नाही. तिथे फक्त मोजलं. जन्म किती, मृत्यू किती. १९९३ पासून पहिली दोन वर्षं तर सगळीकडे मोजणीच चालली. मग काम सुरू झालं आणि तिसऱ्या वर्षी, तुलनेतल्या गावांशी ताडून पाहिलं तर नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. संसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आलं. 'लॅन्सेट' या जगभर मानल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिसेंबर १९९९ च्या अंकात हे छापून आलं. पुढे २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून भारत सरकारनं देशभरच्या आशांकडे हे काम दिलं.

त्या ६२ आकड्यामागचं सगळ्यात किचकट काम इंजेक्शन नव्हतं, मोजणी होती असं मला वाटतं. आमच्याकडे बारसं होईपर्यंत बाळाला नाव नसतं. त्याआधी गेलं तर त्याला जाळत नाहीत, शेताच्या धुऱ्यावर नाहीतर नाल्याकाठी मातीत ठेवतात. दोन माणसं जातात आणि परत येतात. तेरवी नाही, भेटायला येणं नाही. आईनं चार दिवसांनी परत चूल पेटवली की संपलं. अशा मृत्यूची नोंद व्हायची कुठे? ज्याला नाव मिळालं नाही त्याला ८६ गावांत शोधून काढायचं, कधी जन्मलं, रडलं का, प्यायलं का, कितव्या दिवशी गेलं, हे त्या आईला हलक्या हातानं विचारायचं आणि वर्षानुवर्षं विचारत राहायचं. हे काम मानपत्रात बसत नाही, कारण यात 'जीवदान' कुठेच दिसत नाही.

त्याआधीची दोन कामंही अशीच. १९८९ साली राणीताईंचा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली तर ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. 'बायकांचं दुखणं' म्हणजे बाळंतपण एवढंच धरून चाललेल्या सगळ्या जगाला त्या दोन गावांनी गप्प केलं. आणि १९९० सालचं न्यूमोनियाचं काम. लेकराचा श्वास मिनिटाला किती हे मोजायचं, पण दाईला पन्नासपर्यंत आकडे येत नाहीत. मग तिच्यासाठी एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया, औषध सुरू. मला विचाराल तर सगळ्या पुरस्कारांच्या फोटोंपेक्षा या मण्यांचा फोटो शाळेत लावायला पाहिजे.

लोक शोधाला मान का देत नसतील? लोकांना अक्कल नाही असं मी म्हणणार नाही. डॉक्टरची पारख करण्याची आमची रीत जुनी आहे: हाताला गुण आहे की नाही. मी आजारी पडलो, त्यानं औषध दिलं, मी उठून बसलो, म्हणजे गुण आला. यात देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. संशोधनात ते समोरासमोर येतच नाहीत. ज्या बाळाला संसर्ग झालाच नाही, त्याच्या आईला कुणाचे आभार मानायचे हे कसं कळणार? मेलेल्याची नोंद निघते. वाचलेला नुसता वाढतो, शाळेत जातो, दंगा करतो, आणि आमच्यासारख्याचा मार खातो.

आणखी एक कारण आहे, आणि ते तितकंसं निरागस नाही. त्यागाला नमस्कार केला की आपण मोकळे. शोध मान्य केला की मागे काम लागतं. त्या डॉक्टरांची वही खरी मानली तर कृषी केंद्रवाल्याला जाब विचारावा लागेल, बांधावर डबा फेकणाऱ्याला अडवावं लागेल, मजुराला अंगभर कपडा आणि तोंडाला मास्क द्यावा लागेल. त्यापेक्षा शाल स्वस्त पडते.

आणि संशोधन गावाला खरंच त्रासदायक वाटतं, हेही मान्य केलं पाहिजे. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात हत्तीरोग जुना आहे. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यात सुरू केलं, आणि तिथे या रोगावर वर्षानुवर्षं संशोधन झालं. या रोगाची तपासणी दिवसा करून भागत नाही. जंतू दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगावरच्या रक्तात उतरतात, डास चावायच्या वेळेला. म्हणून रक्त घेणारे रात्रीच येतात. आमच्या गल्लीत आले तेव्हा जेवणं होऊन सामसूम झाली होती. बॅटरीचा झोत, कुत्र्यांचा गलका, काचपट्ट्यांची लाकडी पेटी. शेजारच्या म्हातारीनं दार उघडलं ते बोलतच, "दिवसा काऊन नाही येत रे बाप्पा? रातच्यानं रगत नेते का कोणी?" पोरगा समजावत होता. तिनं बोट पुढे केलं, पण तोंड चालूच ठेवलं. झोपेतून उठवलेला तिचा नातू मात्र बोट मुठीत धरून रडत बसला.

तिला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की हे जंतू माणसाच्या रक्तात पहिल्यांदा दिसले ते आपल्याच देशात, कलकत्त्यात, १८७२ साली. टिमोथी लुईस नावाच्या डॉक्टरला. आणि पाच वर्षांनी चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरनं ते डासाच्या पोटात जातात हे दाखवलं. मॅन्सनच्या माळ्याच्या रक्तात हे जंतू होते. त्याला रात्री डासांच्या खोलीत झोपवलं आणि सकाळी रक्त पिऊन टम्म झालेले डास गोळा केले. मॅन्सनला पुढे 'सर' हा किताब मिळाला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या माळ्याले काय भेटलं?" मला सांगता आलं नाही.

नाव राहण्याचा हिशेब डॉक्टरांच्या बाबतीतही सरळ नसतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरचा आहे. थंडी पडली की माझ्या वर्गातली काही पोरं गायब व्हायची. हातापायाच्या हाडांत कळा. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोष रक्तात असलेले, असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता पोराला आजार होण्याची. आज यासाठी राष्ट्रीय मोहीम आहे, २०२३ साली सुरू झालेली. पण मध्य भारतात हा दोष आहे हे १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिणारे शुक्ला आणि सोलंकी हे नागपूरचे डॉक्टर कुणाला माहीत आहेत? मी नागपूरच्या शिकलेल्या मंडळींनाही विचारून पाहिलं. त्यांच्या नावाचा रस्ता किंवा चौक माझ्या तरी पाहण्यात नाही. आमच्याकडे एखाद्या माजी सभापतीच्या नावानंसुद्धा प्रवेशद्वार उभं राहतं.

कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांचं तर याहून वाईट. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू जुलाब कसा घडवतो याचं उत्तर, म्हणजे त्याचं विष, त्यांनी १९५९ साली दाखवून दिलं. नोबेल मिळालेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. १९८५ साली ते गेले तोवर देशानं त्यांना कुठलाही मोठा सन्मान दिलेला नव्हता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं आणि ३० टक्क्यांवरचे मृत्यू ४ टक्क्यांच्या आत आणले. आमच्या अंगणवाडीत जलसंजीवनीची पुडी आहे ती याच पाण्याची. त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं २०२३ साली, आणि ते गेले होते २०२२ मध्ये. त्या मानानं डॉ. हिंमतराव बावस्कर नशीबवान. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला पोरगा, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकला आणि कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागला. लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांसमोर मरताना बघून त्यानं रात्र-रात्र त्यांच्या खाटेशी बसून नोंदी केल्या, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यावर चालते हे सिद्ध केलं. जिथे शंभरातली चाळीसेक माणसं मरत, तिथे एखादं मरू लागलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली, डोळ्यांदेखत.

बावस्करांचं काम ऐकून वाटतं की प्रत्येक आरोग्य केंद्रात असं काहीतरी चाललं असेल. नसतं. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ५७९ वैद्यकीय संस्थांचा हिशेब मांडला. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत त्यातल्या ३३२ संस्थांमधून एकही शोधनिबंध निघाला नव्हता. ही तर शिकवणारी कॉलेजं आणि मोठी इस्पितळं. मग तालुक्याच्या डॉक्टरकडून काय अपेक्षा करायची? सकाळी ओपीडी, दुपारी शवविच्छेदन, संध्याकाळी जिल्ह्याची मीटिंग, रात्री ऑनलाइन माहिती भरणं. बढतीसाठी निबंध लागतात म्हणून पैसे घेऊन छापणाऱ्या मासिकांचा धंदा तेवढा जोरात आहे. अशा गदारोळात एखादा स्वतःच्या पैशानं दोनशे पानी वही आणून रकाने आखतो. ही वही त्याच्या गोपनीय अहवालात धरली जात नाही, आणि बदली झाली की त्याच्याबरोबर जाते. मागून येणारा नव्यानं सुरू करील किंवा करणारही नाही. माझ्या मते डॉक्टरचा खरा सत्कार म्हणजे एक नोंदणी कारकून देणं आणि वही संपेपर्यंत बदली न करणं. हा ठराव मी मंडळात मांडून पाहिला. चहा आला आणि विषय बदलला.

गडचिरोलीच्या बाबतीत मला आणखी दोन माणसं, म्हणजे दोन तऱ्हेची माणसं, सत्काराला बोलवाविशी वाटतात. एक त्या आरोग्यदूत बाया, ज्यांनी रात्री-बेरात्री कंदील घेऊन वजनाचा काटा वाहून नेला. आणि दुसरे त्या ४७ गावांतले लोक. त्यांना काहीही मिळालं नाही. त्यांनी फक्त आपल्याकडे किती लेकरं जन्मली आणि किती गेली ते सांगितलं. ते खरं सांगितलं नसतं तर ६२ हा आकडा निघालाच नसता.

हे मी आमच्या गल्लीतल्या आशाताईला सांगत होतो. ती समोरच्या घरी बाळंतिणीकडे आली होती. दवाखान्यातलं बाळंतपण असलं की सहा भेटी असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. आधी साबणानं हात धुतले, मग बाळाच्या काखेत थर्मामीटर धरला, झोळीचा काटा आढ्याला अडकवला, बाळ झोळीत ठेवून आकडा वाचला आणि फॉर्मवर लिहिला. आजी म्हणत होती, पोराले नजर लागते, वजन नको करू. तिनं हसून आजीलाच आकडा मोठ्यानं वाचून दाखवला.

बाहेर ओट्यावर ती फॉर्म पुरा करत बसली तेव्हा मी म्हटलं, "ताई, हे जे तू करतेस ना, ते पहिल्यांदा गडचिरोलीत झालं. तुझ्यासारख्याच बायांनी केलं. त्यावरून हे काम सगळ्या देशात गेलं, परदेशातही."

तिनं फॉर्म उलटसुलट करून बघितला. "मंग त्यायचं नाव कोठी आहे याच्यावर?"

"नाव नाही."

"आन् ज्या डॉक्टरनं काढलं त्याचं?"

"त्यांचंही नाही."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "जाऊ द्या सर. तुम्ही कागद चांगले लिहिता म्हणते सारे. एक अर्ज लिहून द्या. या सहा भेटीचे अडीचशे रुपये भेटते, तेही दिवाळीपासून आले नाही."

मी आत जाऊन कोरा कागद आणला आणि तारीख टाकली. 'विषय' लिहिल्यावर तिनंच पुढचं सांगायला सुरुवात केली, बाळंतिणींची नावं आणि भेटीच्या तारखा, एकामागून एक, वही न बघता.